३१ फेब्रुवारी पास होतोय: वेगवेगळ्या फॉर्मॅटच्या तारखा तपासायच्या आणि पार्स करायच्या कशा

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका विकास सोसायटीचा डेटा पायथॉनमध्ये घ्यायचाय, सीएसव्ही फाइली चार ठिकाणनं आल्यात, तारखा कुठं ०७/१२/२०२३ तर कुठं ७-१२-२३ तर कुठं ७ डिसें. २०२३. रेजेक्स, म्हणजे मजकुराचा आकार तपासणारा नमुना, लावला तर ३१/०२/२०२३ सुद्धा पास होतंय. मग डेटयुटिल ही तारखा ओळखणारी पायथॉनची लायब्ररी लावली तर एकही एरर न येता सगळ्या आकडी तारखा पार्स झाल्या, म्हणजे मजकुराच्या खऱ्या तारखा झाल्या. हे बरोबर समजायचं का, आणि प्रत्येक फॉर्मॅटला वेगळा कोड लिहायचा का?

भावा, एकही एरर आला नाही हे वाचूनच मला काळजी वाटली. चार ठिकाणचा हाताने भरलेला डेटा आणि त्यात एक पण तारीख चुकीची नाही असं माझ्या तरी बघण्यात कधी आलेलं नाही. एरर आला नाही म्हणजे तारखा बरोबर आहेत असं नसतंय, लायब्ररीनं स्वतःच्या मनानं अंदाज बांधून तुला काहीतरी दिलंय एवढाच त्याचा अर्थ. तारखेच्या बाबतीत अंदाज हा प्रकारच नको, कारण चुकीची तारीख पण दिसायला तारीखच असते.

डेटयुटिल काय करतं बघ. तू काही न सांगता ०७/१२/२०२३ दिलंस तर ते अमेरिकन पद्धतीनं पहिला आकडा महिना धरतं, म्हणजे १२ जुलै. आणि १३/१२/२०२३ दिलंस तर तेरावा महिना नसतो म्हणून गपचूप बाजू बदलून १३ डिसेंबर देतं. म्हणजे एकाच कॉलममध्ये एका ओळीला एक नियम आणि खालच्या ओळीला दुसरा. आता हिशोब कर. दिवस पण १ ते १२ आणि महिना पण १ ते १२ अशा वर्षात १४४ तारखा असतात, त्यातल्या ५/५, ८/८ अशा १२ उलट्या केल्या तरी तशाच राहतात, उरलेल्या १३२ तारखा उलट्या होतात आणि उलट्या झाल्यावर पण पूर्ण वैध असतात. वर्षातले १३२ दिवस! नुसतं कॅलेंडर बघणारं कुठलंही व्हॅलिडेशन ह्या १३२ ला पकडू शकत नाही, कारण १२ जुलै ही खरीच तारीख आहे ना.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. काही वर्षांपूर्वी एका कारखान्यासाठी ऊस बिलाचं काम करत होतो. काटा पावत्यांचा, म्हणजे ऊस वजनाच्या पावत्यांचा, डेटा तीन गट ऑफिसकडनं यायचा, दोन ठिकाणी आमचंच सॉफ्टवेअर होतं आणि तिसऱ्या ठिकाणची फाइल सीएसव्हीत यायची, तिला मी घाईत असाच ओळखून घेणारा पार्सर लावला. डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्याचं बिल निघालं. पंधरा दिवसांपैकी १ ते ११ तारखांच्या पावत्या जानेवारी ते नोव्हेंबरमध्ये जाऊन पडल्या, १२ तारीख उलटी होऊन पण १२ डिसेंबरच राहिली, आणि १३, १४, १५ तेवढ्या नीट आल्या. तिसरं ऑफिस लहान, त्यामुळं एकूण बेरजेत फरक कुणाच्या लगेच डोळ्यावर आला नाही. पन्हाळ्याच्या बाजूचे एक मामा घडी घालून घालून मऊ पडलेली पावती घेऊन आले, पावतीवर ०७/१२, गाडी नंबर, टनेज सगळं स्पष्ट, आणि आमच्या बिलात त्यांच्या तीन खेपा नाहीत. ते काही भांडले नाहीत, पावती टेबलावर ठेवली आणि म्हणाले "बघा बरं जरा कुठं गेल्यात." त्या खेपा १२ जुलैला सापडल्या. जुलैत गाळप कुठं असतंय? कारखाना बंद असतो. एवढी साधी गोष्ट मी कोडमध्ये विचारली असती तर त्या माणसाला पन्हाळ्याकडनं एसटीनं यायला लागलं नसतं.

आणि हा नुसता हेलपाट्याचा विषय नाही. ऊस नियंत्रण आदेश १९६६ प्रमाणं ऊस दिल्यापासनं १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात आणि उशीर झाला तर वर्षाला १५ टक्क्यानं व्याज. ७ डिसेंबर आणि १२ जुलै ह्यात १४८ दिवस आहेत. तारीख उलटली की व्याज पण उलटतं, एकाला नसलेलं मिळतं नाहीतर दुसऱ्याचं असलेलं जातं. म्हणून मी एवढं लावून धरतोय.

आता करायचं काय. फॉर्मॅट हा प्रत्येक तारखेचा नसतो, तो फाइलचा असतो, अजून नेमकं म्हणजे फाइलमधल्या कॉलमचा. त्यामुळं तो तारखेकडं बघून ओळखायचा नाही, जिथनं फाइल आली तिथं फोन करून विचारायचा आणि कोडमध्ये लिहून ठेवायचा: ह्या ऑफिसची फाइल, पावती दिनांक हा कॉलम, दिवस आधी, मग महिना, मग चार आकडी वर्ष, मध्ये तिरकी रेघ. तुझ्या चार फाइलींना चार असे छोटे नियम लागतील. कोड मात्र एकच, तो नियम वाचतो आणि त्याप्रमाणंच पार्स करतो, बसलं नाही तर ओळ बाजूला काढतो. म्हणजे वेगळा कोड नाही लिहायचा, वेगळा नियम लिहायचा.

समजा विचारायला कुणी नाही, जुनी फाइल आहे, भरणारा माणूस रिटायर झालाय. तर मग एक तारीख बघू नकोस, अख्खा कॉलम बघ. पहिल्या जागी कुठंतरी १२ च्या वरचा आकडा आहे का, दुसऱ्या जागी आहे का. फक्त पहिल्या जागी असेल तर दिवस आधी आहे. फक्त दुसऱ्या जागी असेल तर महिना आधी. दोन्हीकडं असेल तर फाइल मिसळलेली आहे, तिथंच थांब, पुढं जाऊ नको. आणि कुठंच नसेल तर पावती नंबर बघ, नंबर वाढत जातो तशी तारीख पण वाढत गेली पाहिजे, दोन्ही पद्धतीनं पार्स करून बघ, ज्या पद्धतीत क्रम लागतो ती खरी. ही पावती नंबरची ट्रिक मी त्या मामांच्या प्रकरणानंतर शिकलो आणि त्यानंतर बऱ्याच वेळा कामाला आली, दूध संकलनाच्या स्लिपा असोत नाहीतर गुळाच्या सौद्याच्या पट्ट्या असोत, अनुक्रमांक हा सगळीकडं असतोच.

पांडाज ही डेटाची लायब्ररी वापरत असशील तर एक लक्षात ठेव, त्यातलं डे-फर्स्ट (दिवस आधी) हे बंधन नाही, नुसती पसंती आहे, जमलं नाही तर ते उलटं पण घेतं. फॉर्मॅट स्पष्ट द्यायचाच.

रेजेक्सचं बोलू. रेजेक्सनं ३१/०२ अडवायचा प्रयत्न करू नकोस. नेटवर लीप वर्षासकट चार ओळींचे रेजेक्स मिळतात, ते चालतात पण, पण सहा महिन्यांनी तुला स्वतःला वाचता येत नाहीत. रेजेक्सचं काम फक्त आकार बघणं, दोन आकडे, रेघ, दोन आकडे, रेघ, चार आकडे, एवढंच. महिन्याला किती दिवस, १९०० लीप नाही पण २००० आहे, हे कॅलेंडरचं काम, ते तारीख तयार करणाऱ्या फंक्शनला करू दे. आणि पायथॉनमध्ये फुलमॅच वापर, ते अख्खा मजकूर नमुन्यात बसतो का बघतं. शेवटी डॉलर (मजकूर इथं संपला ही खूण) लावला की झालं असं वाटतं पण डॉलर ओळीच्या शेवटच्या न्यूलाइनच्या आधी पण मॅच होतो, म्हणजे तारखेला चिकटलेली न्यूलाइन तशीच आत येते. आधी स्ट्रिप कर, मग फुलमॅच.

मग स्ट्रपटाइम, म्हणजे दिलेल्या फॉर्मॅटप्रमाणं मजकुराची तारीख करणारं पायथॉनचं फंक्शन. पर्सेंट स्मॉल डी दिवस, पर्सेंट स्मॉल एम महिना, पर्सेंट कॅपिटल वाय चार आकडी वर्ष. स्मॉल एमच्या जागी कॅपिटल एम पडला तर ती मिनिटं होतात, महिना आपोआप १ धरला जातो आणि सगळ्या तारखा जानेवारीच्या होतात, एरर नाही. स्ट्रपटाइम ३१/०२ ला सरळ व्हॅल्यूएरर देतं, हे त्याचं चांगलं आहे. पण पुढं शून्य नसलं तरी चालवून घेतं, ७/१२/२०२३ पण घेतं आणि ०७/१२/२०२३ पण. तुला शून्य असलंच पाहिजे अशी अट असेल तर पार्स केलेली तारीख परत त्याच फॉर्मॅटमध्ये लिही आणि मूळ मजकुराशी जुळवून बघ. जुळली नाही तर परत पाठव. हे परत लिहून बघायचं तंत्र कुठल्याही भाषेत चालतं.

वर्ष नसलेली तारीख स्ट्रपटाइमला देऊ नकोस, नुसतं २९/०२ दिलंस तर ते स्वतःच १९०० साल धरतं आणि १९०० ला २९ फेब्रुवारी नव्हती म्हणून एरर येतो. पायथॉन ३.१३ पासनं ह्याची वॉर्निंग पण येते. वर्ष आधी जोड, मग पार्स कर.

दोन आकडी वर्ष हा वेगळाच ताप आहे. पर्सेंट स्मॉल वाय ६९ ते ९९ ला १९६९ ते १९९९ धरतं आणि ०० ते ६८ ला २००० ते २०६८. पावत्यांना हे चालतंय, ७-१२-२३ म्हणजे २०२३ च. पण तुझ्याकडं सभासदांच्या जन्मतारखा पण असणार, आणि सोसायटीचे निम्मे सभासद वयस्कर, १५-०६-५८ जन्म असलेला माणूस तुझ्या डेटाबेसमध्ये २०५८ ला जन्मणार. जन्मतारीख आजच्या पुढची आली तर शंभर वजा कर हे ठीक, पण तेवढ्यानं भागत नाही, ०५ म्हणजे २००५ का १९०५? इथं सोसायटीचा नियम कामाला येतो, सभासद सज्ञान पाहिजे, म्हणजे सभासद झाल्याच्या तारखेला वय १८ च्या खाली निघत असेल तर ती ओळ माणसाकडं पाठव. जिथं दोन्ही अर्थ निघतात तिथं कोडनं ठरवायचं नाही.

आता मराठी तारखा, ह्यावर कुठं फारसं लिहिलेलं सापडत नाही म्हणून जरा सविस्तर सांगतो. पहिलं म्हणजे आकडे. पायथॉनच्या रेजेक्समध्ये बॅकस्लॅश डी (कुठलाही एक आकडा) हा देवनागरी आकड्यांना पण मॅच होतो, आणि इंट फंक्शनला देवनागरी १५ दिलं तर ते बिनतक्रार पंधरा देतं. पण स्ट्रपटाइमच्या दिवसाला देवनागरी १५ चालत नाही. म्हणजे तुझा रेजेक्स पास म्हणणार आणि पुढची पायरी नापास. जावास्क्रिप्टमध्ये उलट, तिथं बॅकस्लॅश डी फक्त इंग्रजी आकडे ओळखतो. त्यामुळं सगळ्यात आधी ० ते ९ चा एक तक्ता करून ट्रान्सलेटनं देवनागरीचे इंग्रजी आकडे करून घे, बाकी सगळं नंतर.

दुसरं, महिन्यांची नावं. पर्सेंट कॅपिटल बी (महिन्याचं पूर्ण नाव) वापरून मराठी लोकेल, म्हणजे भाषेची सेटिंग, लावायचा मोह होईल, करू नकोस. तुझ्या लॅपटॉपवर मराठी लोकेल असेल, सर्व्हरवर नसेल. आणि असलं तरी त्यातली नावं आणि लोकांनी टाइप केलेली नावं जुळत नाहीत. डिसें, डिसें., डिसेंबर, डिसेम्बर, फेब्रु, फेब्रुवारी, फेब्रूवारी, सप्टें, सप्टेंबर, सगळं येतं. इंग्रजीत पण तीच गत, स्ट्रपटाइमला सप्टेंबरची तीन अक्षरं पाहिजेत आणि लोक चार लिहितात. स्वतःची डिक्शनरी कर, डावीकडं लोक लिहितात ते, उजवीकडं महिन्याचा नंबर, नवीन स्पेलिंग सापडलं की भर घालायची.

ह्या डिक्शनरीत मी एकदा अर्धा दिवस अडकलो होतो. ऑक्टोबर डिक्शनरीत आहे, फाइलमध्ये ऑक्टोबर दिसतोय, तरी सापडत नाही. स्क्रीनवर दोन्ही एकसारखे. शेवटी एकेक अक्षराचा कोड छापून बघितला तर कळलं की माझ्याकडं ऑ हे एक अक्षर होतं आणि फाइलमध्ये आ वर वेगळी अर्धचंद्राची खूण लावून आॅ असं दोन तुकड्यांत केलेलं होतं. वाटेल की युनिकोड नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगळी रूपं एकसारखी करणं) केलं की मिटलं, पण नाही, ही दोन रूपं युनिकोडच्या लेखी समान नाहीत, त्यातला एनएफसी हा प्रकार केला तरी तशीच वेगळी राहतात. हे हातानंच बदलायचं, आ आणि अर्धचंद्र जोडीनं आले की ऑ कर. ऑगस्ट आणि ऑक्टोबर दोन्ही ह्यात सापडतात. त्याबरोबर नॉन-ब्रेकिंग स्पेस आणि न दिसणारे झिरो-विड्थ जॉइनर पण काढून टाक, वर्डमधनं कॉपी केलेल्या मजकुरात ते हमखास असतात.

एक्सेलबद्दल. फाइल तुझ्याकडं येण्याआधी कुणी एक्सेलमध्ये उघडून सेव्ह केली असेल तर तारीख तिथंच बदललेली असू शकते. ज्या कॉम्प्युटरचं रीजन अमेरिकेवर आहे तिथं ०७/१२/२०२३ चा जुलै होतो आणि १३/१२/२०२३ तसाच मजकूर म्हणून राहतो. कॉलममध्ये काही तारखा उजवीकडं चिकटलेल्या आणि काही डावीकडं दिसल्या की हेच झालंय समज, उजवीकडच्या तारखा झाल्यात आणि डावीकडच्या मजकूर राहिल्यात. तिथनं पुढं कोडनं दुरुस्ती करण्यापेक्षा मूळ फाइल परत माग. तारखेच्या जागी ४५००० असला आकडा आला तर तो एक्सेलचा दिवसांचा क्रमांक असतो, ३० डिसेंबर १८९९ मध्ये तेवढे दिवस मिळवले की तारीख निघते, ४५००० म्हणजे १५ मार्च २०२३. आधार १८९९ चा असा विचित्र का, तर एक्सेलमध्ये २९ फेब्रुवारी १९०० ही नसलेली तारीख मोजलेली आहे, लोटस १-२-३ ह्या जुन्या स्प्रेडशीट प्रोग्रॅमशी जुळवून घेण्यासाठी तशी ठेवली होती, म्हणून मार्च १९०० च्या पुढच्या तारखांना हा आधार बरोबर बसतो.

आणि सोसायटीच्या डेटात गट नंबरचा कॉलम असणार. गट नंबर १२/३ लिहिला की एक्सेल त्याची तारीख करतं. १२ मार्च नाहीतर ३ डिसेंबर. शेतकऱ्याचा गट आणि हिस्सा गेला आणि त्या जागी तारीख आली! सातबारा एवढंच ७/१२ असं लिहिलं तरी तेच. फाइल मागताना त्यांना सांग की हे कॉलम आधी टेक्स्ट करा, मग भरा. तारखेचं व्हॅलिडेशन करतोस तसं गट नंबरच्या कॉलममध्ये चुकून तारीख आलीय का हे पण तपास.

दुसऱ्या भाषांचं थोडक्यात, कारण पुढं हा डेटा जावाच्या सर्व्हरवर आणि ब्राउझरमध्ये जाणार आहे म्हणालास. एकच तारीख घे, ३१/०२/२०२३. पायथॉन एरर देतं, गो पण एरर देतं. जावाचं जुनं सिंपल-डेट-फॉर्मॅट मुळात सैल असल्यामुळं ३ मार्च करून देतं, सेट-लीनियंट फॉल्स केल्याशिवाय ऐकत नाही, आणि तारखेच्या मागं कचरा असला तरी तेवढं सोडून देतं. जावाचं नवीन डेट-टाइम-फॉर्मॅटर जास्त चांगलं म्हणावं तर ते ओढून २८ फेब्रुवारी करतं, कारण त्याची डीफॉल्ट पद्धत स्मार्ट आहे. स्ट्रिक्ट लाव, आणि स्ट्रिक्ट लावलंस की वर्षाला चार स्मॉल वाय ऐवजी चार स्मॉल यू लिही, नाहीतर युग कुठलं म्हणून अडून बसतं. जावात कॅपिटल वाय तर लिहूच नकोस, तिथं ते आठवड्याचं वर्ष आहे, २९ डिसेंबर २०२५ चं वर्ष २०२६ छापतं, आणि अकरा महिने सगळं बरोबर चालल्यामुळं टेस्टिंगला सापडत नाही. पीएचपी ३ मार्च करतं आणि वॉर्निंग बाजूला ठेवतं, ती तू स्वतः जाऊन बघायची. शिवाय पीएचपीच्या स्ट्रटूटाइमला तिरकी रेघ दिली तर अमेरिकन आणि आडवी रेघ दिली तर आपली पद्धत, रेघ बदलली की महिना बदलला.

जावास्क्रिप्टमध्ये महिने शून्यापासनं, आणि ३१ फेब्रुवारी तिथं पण ३ मार्च होतो, म्हणून तारीख केल्यावर दिवस, महिना, वर्ष परत काढून जुळवायचेच. पण तिथला आपल्याकडचा नेहमीचा बग वेगळा आहे. ब्राउझरमध्ये ७ डिसेंबर ही तारीख केली, म्हणजे भारतातली रात्री १२ ची वेळ, आणि टू-आयएसओ-स्ट्रिंग करून सर्व्हरला पाठवली, तर यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, ते ६ डिसेंबर संध्याकाळचे साडेसहा असतात आणि सुरुवातीची दहा अक्षरं कापून घेतली की तारीख एक दिवस मागं. पावतीची तारीख ही वेळ नाही, तिला टाइमझोन नसतो, तिला पहिल्यापासनं शेवटपर्यंत नुसती तारीख म्हणूनच ठेव, डेटाबेसमध्ये पण डेट टाइप, आणि पाठवताना वर्ष-महिना-दिवस अशा आयएसओ ८६०१ च्या मजकुरात पाठव.

तारीख वैध निघाली की अजून एक चाळणी लाव, अर्थाची. काटा पावती असेल तर गळीत हंगामाच्या आत पाहिजे, आणि आपल्याकडं हंगाम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरला सुरू होऊन मार्च-एप्रिलपर्यंत आटोपतो. कर्जाची परतफेड कर्जवाटपाच्या आधी नको. कुठलीच नोंद उद्याची नको. ह्या अटी तुला कोडमधनं कळणार नाहीत, सोसायटीच्या सचिवांकडं अर्धा तास बसलास की ते सगळ्या सांगतील.

जी ओळ कुठंही अडली ती टाकून देऊ नकोस आणि तिथं आजची तारीख पण घालू नकोस. वेगळ्या फाइलमध्ये काढ, त्यात मूळ फाइलचं नाव, ओळ नंबर, जसा होता तसा मजकूर आणि मराठीत कारण: "फेब्रुवारीत ३१ दिवस नसतात", "हंगामाबाहेरची तारीख", "वर्ष कळत नाही". क्लार्कला व्हॅल्यूएरर दाखवून उपयोग नाही, त्याला हे वाचून रजिस्टर उघडता आलं पाहिजे.

टेस्टला ह्या तारखा घाल: २९/०२/२०२४ पास, २९/०२/२०२३ नापास, २९/०२/१९०० नापास, २९/०२/२००० पास, ३१/०४/२०२३ नापास, ००/१२/२०२३ नापास, ०७/१२/२०२३ चा महिना डिसेंबरच आला पाहिजे, देवनागरी आकड्यातली एक, दोन तुकड्यांच्या आॅक्टोबरची एक, शेवटी स्पेस असलेली एक, रिकामी एक आणि नुसती आडवी रेघ मारलेली एक, कारण तारीख माहीत नसली की रजिस्टरवाले रेघच मारतात. आज मात्र कोडच्या आधी डेटयुटिलनं जे घेतलंय ते सगळं परत काढ आणि किती ओळी १ ते १२ च्या आतल्या आहेत तेवढं मोजून कळव, सोसायटीला फोन करायचा का नाही ते त्या आकड्यावरनं ठरवू.